रिपोर्ट येईपर्यंत: आईच्या ऑपरेशननंतरचे दिवस

आईच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन १६ जानेवारी २०२५ ला जळगावला झालं. काढलेल्या भागाचा रिपोर्ट आमच्या हातात आला ३ फेब्रुवारीला. ऑपरेशनबद्दल सांगणारे आम्हाला पुष्कळ भेटले होते. कोणी डॉक्टरांचं नाव सुचवलं, कोणी सरकारी योजनेची माहिती दिली, एका गृहस्थांनी तर स्वतःच्या मानेवरची टाक्यांची रेघ दाखवून धीर दिला. पण ऑपरेशन झाल्यावर रिपोर्टची वाट बघावी लागते, त्या दिवसांत घरच्यांनी काय करायचं, कुणाला काय विचारायचं, रुग्णाला काय सांगायचं, याबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. म्हणून तारखांसकट लिहिते आहे. मी अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. आम्हाला जे समजावून सांगितलं गेलं तेवढंच इथे आहे.

आई साठीची. लग्न होऊन सासरी आली तेव्हापासून मिश्री लावायची. आमच्याकडे बायकांच्या मिश्रीला कोणी व्यसन म्हणतच नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरून ठेवायची. सकाळी दात घासायला, दुपारी निंदणीतून उठल्यावर, रात्री निजायच्या आधी. डाव्या बाजूला खालच्या दाढेजवळ ती बोटाने मिश्री दाबून धरायची. २०२४ च्या दिवाळीत तिथेच जखम दिसली. भाऊबीजेला मी माहेरी गेले तर ती फराळाला हात न लावता चहात पोळी बुडवून खात होती. तोंड आलंय, बी कॉम्प्लेक्स घेतेय, असं म्हणाली. महिनाभर तेच चाललं होतं.

अमळनेरच्या दातांच्या डॉक्टरांनी दाढ हलत असूनही ती उपटली नाही. जखमेचा तुकडा काढून आधी तपासू, असं ते म्हणाले. त्या एका निर्णयासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे, कारण दाढ काढून गोळ्या देऊन घरी पाठवलेले आणि दोन-तीन महिने वाया गेलेले रुग्ण मला पुढे वॉर्डात भेटले. तुकडा तपासायचे अठराशे रुपये लागले. ‘सुई लावली की पसरतं’ हे आम्हाला गावात निदान तीन घरांतून ऐकावं लागलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, की तुकडा तपासल्याशिवाय तोंडाच्या कॅन्सरचा उपचार सुरू होत नाही आणि तपासल्यामुळे तो पसरत नाही. आठवड्याने कागद आला: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा हाच प्रकार असतो.

डिसेंबर गेला कागदपत्रांत. आमचं केशरी रेशन कार्ड आहे, म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार होणार होते. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना सगळ्यात आधी भेटा. आमची गाडी अडली ती नावावर. रेशन कार्डावर आईच्या नावापुढे ‘बाई’ लागलेलं, आधारवर नाही. तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज, प्रतिज्ञापत्र, मग पुन्हा फेरी. घरात कुणालाही काही झालेलं नसतानाच दोन्ही कार्डांवरची नावं जुळवून घ्या, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. काही अडलं तर योजनेची १५५३८८ ही हेल्पलाइन आहे, तिथे फोन उचलतात आणि तक्रार नोंदवून घेतात. मंजुरीच्या आधीच्या तपासण्या आमच्या खिशातून झाल्या. रंगद्रव्य देऊन काढलेल्या सीटी स्कॅनचे साडेपाच हजार त्यातच आले. मंजुरी आल्यावर मात्र ऑपरेशन, भूल, वॉर्ड, औषधं, जेवण, यातल्या कशाचेच पैसे लागले नाहीत.

ऑपरेशन सात तासांच्या आसपास चाललं. दुपारी कधीतरी मला आणि धाकट्या भावाला थिएटरच्या दाराशी बोलावलं. डॉक्टरांच्या हातात स्टीलचा ट्रे होता. त्यात गालाचा आतला भाग, जबड्याच्या हाडाची वरची कड, तिच्यात रुतलेल्या दोन दाढा, आणि बाजूला मानेतून काढलेली पिवळी चरबी. मासाच्या तुकड्याला काळे दोरे बांधले होते, एक लांब आणि एक आखूड. लांब दोरा पुढची बाजू दाखवतो, आखूड दोरा वरची, असं त्यांनी सांगितलं. तुकडा शरीराबाहेर आला की कुठली बाजू कुठली ते कळत नाही. तपासताना एखाद्या कडेला रोग जवळ दिसला, तर नेमकी कुठली कड ते या दोऱ्यांवरून समजतं. भाऊ मागे जाऊन भिंतीला टेकला. मी दोऱ्यांकडे बघत राहिले. मला त्या वेळी धरायला काहीतरी ठोस हवं होतं, आणि ते दोरे ठोस होते.

तो सगळा ऐवज फॉर्मेलिनच्या, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या औषधाच्या, डब्यात घालून वॉर्डबॉय आणि मी लॅबमध्ये नेला. डोळे झोंबतात त्या वासाने. तिथे एक काम घरच्यांनी स्वतः करावं: डब्यावरचं नाव, वय, बाजू आणि सोबतच्या फॉर्मवरचा मजकूर जुळतो का ते पाहावं. आमच्याकडे दोन डबे होते, एक गालाचा, एक मानेचा, आणि दोन्हींवर ‘डावी’ लिहिलेलं मी वाचून घेतलं. पावतीवर नंबर असतो, तिचा फोटो काढून ठेवा. रिपोर्टला दहा-बारा दिवस लागतील, असं खिडकीवरच्या मुलाने सांगितलं.

पुढचे दोन दिवस आई अतिदक्षता विभागात होती. श्वासासाठी गळ्याला तात्पुरतं भोक पाडून नळी घातली होती, त्यामुळे आवाज नव्हता. नाकातून पोटात जाणारी नळी जेवणासाठी, मानेतून निघालेल्या दोन नळ्यांना डबे, छातीवरचं मास फिरवून गालात बसवलेलं. हे सगळं होणार हे आम्हाला आधी सांगितलं होतं, तरी पहिल्यांदा बघताना पाय गळाले. आई सातवीपर्यंत शिकलेली. मी भाचीची पाटी नेली होती. तिने पहिल्यांदा लिहिलं ते ‘हरभऱ्याला पाणी दिलं का’. त्या आठवड्यात आमच्या शिवारात शेतीची वीज रात्रीची होती, आणि भाऊ इकडे दवाखान्यात. चुलत्यांनी दिलंय, असं मी सांगितलं. तिने ते पुसलं आणि खाली ‘रिपोर्ट’ असं लिहून पाटी माझ्याकडे वळवली.

पुढे दररोज सकाळी डॉक्टर यायच्या आधी तो एकच शब्द पाटीवर असायचा.

त्या दिवसांत आम्हाला हाताशी कामं होती, आणि ती होती म्हणून निभावलं. मानेच्या नळीतून चोवीस तासांत किती पाणी आलं ते वहीत लिहायचं. ते रोज कमी होत गेलं की नळी काढतात. नाकातल्या नळीतून दर दोन तासांनी पातळ अन्न द्यायचं, ते सिस्टरांनी शिकवलं. डोकं उंच ठेवायचं, मोठी सिरिंज लावायची, दट्ट्या न दाबता अन्न आपोआप उतरू द्यायचं, शेवटी साधं पाणी घालून नळी धुवायची. दूध, नागलीची पेज, वरणाचं गाळलेलं पाणी चालतं. केळी तर आपल्याकडे घरोघर, म्हणून केळीचं शेक द्यावंसं वाटतं, पण ते मलमलच्या कापडातून दोनदा गाळा, नाहीतर रेषांनी नळी तुंबते. डाव्या खांद्याचे व्यायामही लगेच सुरू करायचे असतात, कारण मानेतल्या गाठी, म्हणजे लसिकाग्रंथी, काढताना खांद्याच्या नसेला ताण बसतो. आई ते टाळायची, तिला दुखायचं. मी तिच्यासोबत उभी राहून हात वर करायचे, मग ती करायची.

२७ जानेवारीला लॅबमध्ये फोन केला. ‘पेंडिंग आहे’ एवढंच उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशीही तेच. घरात लगेच कुजबुज सुरू झाली, की उशीर होतोय म्हणजे काहीतरी वाईट निघालंय, आपल्याला सांगत नाहीत. मामांनी फोनवर सांगितलं, की तसं काही निघालं तर ताईला अजिबात कळू देऊ नका. आबा काही बोलले नाहीत, पण दोन दिवस त्यांनी धड जेवण केलं नाही. मला राहवेना. मी लॅबमध्ये गेले आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाच भेटायचंय, असं म्हणाले.

आपण सहसा पॅथॉलॉजिस्टना भेटत नाही, खिडकीवरून पाकीट घेऊन परततो. त्यांना भेटता येतं. पन्नाशीच्या डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी मला समोर बसवून दहा मिनिटं दिली, आणि आईचा डबा त्यांच्याकडे आल्यापासून त्याचं काय काय झालं ते सांगितलं. आधी एक-दोन दिवस फॉर्मेलिन आतपर्यंत मुरू द्यायचं, म्हणजे पेशी आहेत तशा टिकतात. मग सगळ्या कडांना शाई लावायची, तुकडा मोजायचा, कापायचा. मानेतली चरबी बोटांनी चाचपून तिच्यातली एकेक गाठ शोधायची. काही गाठी मुगाच्या दाण्याएवढ्या असतात आणि त्या सुटून चालत नाही. निदान अठरा गाठी तपासायला मिळाल्या तर मान नीट साफ झाली असं धरतात. मग ते तुकडे मेणात बसवून त्यांचे ब्लॉक करायचे, तीन-चार मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढायचे, रंग द्यायचा, आणि मग भिंगाखाली बघायचं.

आणि आमचा उशीर हाडामुळे होता. जबड्याचं हाड पातीने कापता येत नाही. ते आम्लात ठेवून त्यातला चुना जाऊ द्यावा लागतो, आणि त्याला दिवस लागतात. घाई केली तर पेशी बिघडतात, मग हाडात रोग आहे की नाही तेच सांगता येत नाही. मॅडम चोपड्याकडच्या. मला म्हणाल्या, “बिबड्यांची, म्हणजे पापडांची, ज्वारी भिजायच्या आधी कांडली तर काय होतं? तसंच हे.” हाडात रोग शिरलेला निघाला तर टप्पा थेट चौथा होतो, म्हणून हाडाचं उत्तर नक्की हवं, आणि ते हाती आल्याशिवाय त्या अर्धा रिपोर्ट देणार नव्हत्या.

मी बाहेर आले तेव्हा रिपोर्ट होता तिथेच होता, पण मला श्वास घेता येत होता. उशिराला कारण होतं आणि ते कारण माझ्या आईच्या हिताचं होतं. माझं ठाम मत झालंय, की आपण नेमकी कशाची वाट बघतोय हे माहीत असलं तर माणूस तग धरतो. मी घरी सगळ्यांना फोन केले आणि हाड, चरबी, गाठी, हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या रात्री आबा जेवले.

२९ जानेवारीला सुट्टी मिळाली. गळ्याची नळी निघाली होती, भोक बुजत आलं होतं, नाकातली नळी तशीच होती. भाड्याची गाडी करून धरणगावमार्गे घरी आलो. गावात कोणी दवाखान्यातून आलं की भेटायला रीघ लागते. माणसं मायेने येतात, त्यांना नाही म्हणवत नाही. पण जखम ओली होती, म्हणून आबांनी ओट्यावर खुर्च्या टाकल्या आणि तिथूनच बोला, असं सगळ्यांना हात जोडून सांगितलं. मामा कुठल्याशा वैदूकडून पुडी घेऊन आले होते, सातपुड्यातली जडीबुटी म्हणून. त्यांची बहीण आहे ती, त्यांचा जीव तुटत होता, ते मला दिसत होतं. पण पुडी मी घेतली नाही. नळीतून काहीही न ओळखीचं गेलं आणि लिव्हर बिघडलं तर पुढचा उपचार लांबेल, हे त्यांना समजावलं. ते रागावून गेले. पुढे आठवड्याने स्वतःच फोन केला.

त्याच संध्याकाळी आईने मला जवळ बसवलं. गालात नवीन मास, जीभ जड, शब्द फुटत नव्हते, तरी पाटी बाजूला सारून बोलली. “माले काय व्हयेल शे ते माले माहीत शे. रिपोर्ट उना म्हंजे पह्यले माले सांगजो.”

मामा, काकू, शेजारची जिजी, सगळ्यांचं मत न सांगण्याचं होतं. मला ते पटत नाही. पुढे रेडिएशन लागलं तर सहा आठवडे रोज यंत्राखाली तिला एकटीला निजायचं होतं, तोंड सोलवटणार होतं, ते सोसायचं कशासाठी हे तिला माहीत नको? तिचं तोंड, तिची मान, तिचा रिपोर्ट. मी तिला शब्द दिला.

३ फेब्रुवारीला सोमवारी सकाळी लॅबचा फोन आला. आईला त्याच दिवशी टाके दाखवायचे होते, म्हणून सगळेच जळगावला निघालो. पाकीट मी घेतलं आणि रिक्षात आईच्या मांडीवर ठेवलं. ती म्हणाली, तूच वाच. मॅडमनी कुठे बघायचं ते सांगितलं होतं, म्हणून मला सापडलं. गालातली गाठ २.८ सेंटिमीटर. खोली ८ मिलिमीटर. हाडात रोग नाही. सगळ्या कडा मोकळ्या, पण सगळ्यात जवळची, आतली कड, ४ मिलिमीटरवर. मानेतल्या ३१ गाठी तपासल्या, त्यांतल्या एका गाठीत रोग, ती १.२ सेंटिमीटरची, आणि रोग गाठीच्या आवरणाबाहेर गेलेला नाही. रक्तवाहिन्यांत नाही. नसांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, कडेने शिरलेला आहे. सगळ्यात खाली, पीटी२ एन१, म्हणजे गालातल्या आणि मानेतल्या गाठींवरून ठरवलेली रोगाची पायरी. मी एकेक ओळ वाचत होते आणि आई मान हलवत होती. आवरणाचं वाक्य तिने पुन्हा वाचायला लावलं.

सर्जनसाहेबांनी तिच्याकडे बघूनच समजावलं, आमच्याकडे नाही, याचं मला फार बरं वाटलं. “मावशी, पाच मिलिमीटर किंवा जास्त मोकळी जागा असली तर आम्ही निवांत असतो. तुमच्याकडे एका बाजूला चार आहे. रोग कडेला लागलेला नाही, पण जवळ आहे. मानेत एक गाठ आहे. नसेच्या बाजूने गेलाय. म्हणून रेडिएशन लागणार.” एका गाठीमुळे टप्पा तिसरा ठरला. केमोही द्यायची का, हे गाठीचं आवरण आणि कडा यांवर ठरतं. रोग आवरण फोडून बाहेर आला असता किंवा कडेला लागलेला असता, तर रेडिएशनसोबत केमो द्यावीच लागली असती. आमचा कागद मधला होता, म्हणून त्यांनी तो ट्यूमर बोर्डापुढे ठेवला. सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि केमोचे डॉक्टर एकत्र बसून एका रुग्णाचा विचार करतात त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. ‘आमची केस बोर्डात ठेवाल का’ असं विचारायला अजिबात संकोचू नका. त्याच दिवशी नाकातली नळीही निघाली.

बोर्डाने सुचवलं, की त्या एका गाठीचं आवरण आणि आतली कड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या नजरेखालून जाऊ द्या. काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक मागायला लेखी अर्ज लागतो, आधारची प्रत लागते, आणि किती ब्लॉक घेतले त्यावर सही करावी लागते. परत करायचे असतात ते. नंबर मोजून घ्या. उन्हाळ्यात ब्लॉक बंद गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. भाऊ ते घेऊन नाशिकला गेला, दोन हजार रुपये फी पडली. इकडे आईच्या किडलेल्या दोन दाढा काढून घेतल्या, कारण रेडिएशन झालेल्या जबड्यातून पुढे दात काढला तर हाड भरून न येण्याचा धोका असतो, आणि काढलेली जागा बुजायला दहा-चौदा दिवस द्यावे लागतात. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमच्या हिशेबात ती तारीख २७ फेब्रुवारी. मी ती वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिली होती, आणि प्रत्येक खिडकीवर तीच तारीख सांगून काम पुढे सरकवत होते.

१२ फेब्रुवारीला नाशिकचा कागद आला. आवरण शाबूत, कड मोकळी. केमो नाही.

रेडिएशन नाशिकलाच करायचं ठरलं. आमची मावशी सिडकोत राहते. सिडकोत निम्मा खानदेशच आहे म्हणतात, आणि शेजारी अहिराणी बोलणाऱ्या बायका असल्या की आईला परगाव वाटत नाही. आमच्या गल्लीतले एकजण परळला टाटा मेमोरियलमध्ये उपचार घेऊन आलेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत त्यांची राहायची सोय झाली होती. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या एका माणसाला तीन चतुर्थांश सवलत मिळते, हे त्यांनीच सांगितलं. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घेऊन तिकीट आरक्षणाच्या खिडकीवरून काढायचं. आम्ही धुळ्यावरून एसटीनेच जायचो, आईला आणि मला अर्धं तिकीट होतं.

१४ फेब्रुवारीला रेडिएशनच्या डॉक्टरांना भेटलो. ज्यासाठी एवढे दिवस जीव टांगणीला लागला होता ते खरं तर इथे विचारायचं होतं. आम्ही आदल्या रात्री प्रश्न कागदावर लिहिले. पहिला प्रश्न मला वॉर्डातल्या एका सिस्टरने सुचवला होता, आणि प्रत्येक घराने हाच आधी विचारावा असं मला वाटतं: हा इलाज रोग घालवण्यासाठी चाललाय, की त्रास कमी ठेवण्यासाठी? ‘किती दिवस’ असं विचारलं की डॉक्टरही अवघडतात, आपणही. या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर मिळतं.

“घालवण्यासाठी,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या. टप्पा तिसरा, नसेत शिरलेला, आतली कड जवळ, हे काळजीचं. गाठ एकच, आवरण शाबूत, हाड मोकळं, तब्येत काटक, हे जमेचं. उपचार पूर्ण झाला तर रोग परत न येण्याची शक्यता चांगली आहे, पण शब्द देता येत नाही. परत आला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतो, म्हणून दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी तोंड आणि मान तपासायची, पुढे अंतर वाढवत न्यायचं. पाच वर्षं नीट गेली की धोका बराच खाली येतो.

आई सगळं ऐकत होती. तिने एकच विचारलं, की एवढी वर्षं मिश्री लावली, आता सोडली तर काही फरक पडतो का? डॉक्टर खुर्ची पुढे घेऊन बसले. म्हणाले, “खूप फरक पडतो मावशी. जखम नीट भरते, रेडिएशनचा गुण जास्त येतो, आणि तोंडात दुसरीकडे नवीन कॅन्सर व्हायचा धोका कमी होतो. आज सोडली तरी उपयोग आहे.” ऑपरेशनपासून तिने मिश्री लावली नव्हती, पण डबी घरात होती. पुढच्या खेपेला मी गावी गेले तेव्हा ती डबी आबांनी राख टाकायच्या खड्ड्यात फेकलेली होती. आईने फोनवरून सांगितलं होतं.

योजनेची मंजुरी नव्या रुग्णालयात नव्याने घ्यावी लागते. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि रिपोर्ट, तिन्हींच्या मूळ प्रती लागल्या. जळगावहून निघतानाच ऑपरेशनची नोंद मागून घ्या, ती आपणहून देतीलच असं नाही. चेहऱ्यावर बसणारा जाळीचा साचा बनवला, नियोजनाचा सीटी झाला, आणि २५ फेब्रुवारीला पहिला डोस मिळाला. एकूण ३० डोस, ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप), आठवड्यातले पाच दिवस. मार्चअखेर ऊन तापलं तशी मानेची कातडी काळवंडली. सुती जुनं लुगडं फाडून त्याचा मऊ पट्टा गळ्याभोवती ठेवायचो, पावडर किंवा तेल काही नाही. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटलं. ती मीठ-सोड्याच्या पाण्याने तासातासाला गुळण्या करायची आणि थंड ताकात कालवलेला मऊ भात खायची. वजन चार किलो उतरलं. ११ एप्रिलला संपलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती घरी होती. माझ्यासकट सगळ्या लेकी माहेरी आलो होतो, आणि पुरणपोळी तिने दुधात कुस्करून थोडीशी खाल्ली. कळण्याची भाकरी अजून जमत नाही. तोंड दोन बोटांएवढं उघडतं, आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून रोज व्यायाम करते.

मे महिन्याची तपासणी चांगली झाली. तोंडात, मानेत काही लागलं नाही. उपचारानंतरचा पहिला सीटी स्कॅन जुलैच्या पहिल्या आठवड्यात आहे, त्याआधी किडनीचं काम कळण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघायचंय, ते अमळनेरलाच करून घेऊ. म्हणजे पुन्हा वाट बघणं आलंच, आणि मला रात्री झोप लागत नाही हे खरं आहे. या वेळी स्कॅन वाचायला किती दिवस लागतात ते आधीच विचारून घेतलंय: दोन दिवस. रिपोर्ट आईच्याच हातात द्या, असंही खिडकीवर सांगून ठेवलंय.